पाणीसुद्धा नाही

काटा आधी शून्यावर आणायचा,
झोळीचं वजन वजा करून.
हे मला नोकरीत शिकवलं नाही कुणी.
बाप कळमन्याला हमाल.
बारदान धान्यात धरायचं नाही,
एवढं एकच गणित त्याला येत असे.

मे महिना. मेडिकलच्या आमच्या खोलीत
कूलर नुसता आवाज करतो,
भिंतीला हात लावला तर चटका.
सुकेशनी पाचपावलीहून आली, ऑटोत,
दोन महिन्यांच्या पोरीवर ओला दुपट्टा धरून.
तीन किलो नऊशे.
मागच्या वेळी तीन दोनशे.
मी चार्टावर टिंब दिलं, मागच्या टिंबाला जोडलं.
रेघ वर निघाली होती.

"पानी द्याचं का मॅडम?"
नाही.
"एक चमचा? उकळून, गार करून?"
नाही.
"बाहेर सेहेचाळीस हाये."
ठाऊक आहे.
सहा महिने फक्त तुझं दूध, आणि ते सिरप, सांगितलंय तितके आठवडे.
घुटी नाही, मध नाही, डब्याचं नाही.
वरचं काही गेलं की आतड्याची कोवळी साल खरचटते,
आणि त्याला तेवढी फट पुरते.
पाणीसुद्धा नाही.

सासूनं पोरीचं नाव ठेवलं होतं सुजाता.
जिनं खिरीची वाटी पुढे केली, तिचं.
आणि या सुजाताच्या ओठाला थेंब लावायचा नाही,
का नाही, ते सासूला सांगायचं नाही.
सिरप म्हणजे घरी काविळीचं औषध.
सुकेशनीच्या गोळ्या तुरीच्या डब्यात, तळाशी.
माहीत फक्त तिला, आणि त्याला,
जो गेल्या पोळ्यापासून रायपूरला आहे.

"माहं दूध खराब तर नाही न?"
गोळी रोज घेतेस तोवर धोका अगदी कमी, मी म्हटलं.
हे वाक्य मी दिवसातून सात-आठदा म्हणते.
समोरची बाई 'नाही' हा शब्द ऐकायला थांबलेली असते.
मी 'कमी' म्हणते,
आणि पुढचं नाव पुकारते.

सप्टेंबरात सहा किलो शंभर.
ऑक्टोबरात सहा किलो शंभर.
नोव्हेंबरात रेघ अजून आडवी,
हिरव्यातून पिवळ्यात शिरलेली.
काय भरवतेस?
"डाळीचं पानी."
आणि डाळ?
"डाळ खाली राह्यते. कामावर जानाऱ्याले लागते."
मी कुस्करलेला भात सांगितला, घट्ट डाळ,
वरून चमचाभर तेल, अर्धं अंडं.
ती अंड्याचा भाव सांगू लागली,
मग आपणच थांबली.
तू काय खाल्लंस सकाळी?
तिनं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
दाराजवळच्या मोठ्या काट्यावर उभं केलं तिला.
अडतीस.
चार्टावर आईसाठी रकाना नाही.
बारदान.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं, अडतीस,
आणि त्याखाली तारीख.

डिसेंबरात सासूही आली, स्वेटर घालून,
पिशवीत डबा. डब्यात घट्ट डाळ.
पोरीला झोळीत ठेवताना म्हणाली,
"सहा महिने पानी पाजू देल्लं नाही इनं.
म्या देल्लं होतं एक डाव.
मे महिन्यात. हे झोपली होती तवा.
बोटानं."
आणि बोट दाखवलं.

सुकेशनीनं झोळीची दोरी धरली होती.
ती सोडेना.
सोड, म्हटलं, आकडा चुकतो.

पोरगी पाय झाडत होती,
काटा सहा आठशे, सहा पाचशे,
परत सात.
अठरा महिन्यांच्या तपासणीला अजून नऊ महिने.
म्हातारीचं बोट तसंच पुढे होतं,
कुणी ते खाली घे म्हटलं नाही.
काटा हलत असताना वाचायचा नसतो.
आम्ही तिघी उभ्या होतो.